खिडकी अपुरी

"हे तर गरवार बायांचं मशीन हाय," अकोले तालुक्यातून आलेले एक आजोबा माझ्या खोलीच्या दारातच थबकले. "माजा हात कापतो, बाई. पोटाचं मला काई न्हाई."

"पोट नाही बघायचं, आजोबा. डोकं बघायचंय."

त्यांनी टोपी काढली, पण टेबलावर झोपायला तयार होईनात. बाहेर गरोदर बायकांची रांग आणि आत आपण, याचाच त्यांना संकोच वाटत होता. शेवटी त्यांनी मला विचारलं, "गावात कुनाला सांगनार न्हाई ना?"

डोक्याचीही सोनोग्राफी होते, हे संगमनेरात शेवटपर्यंत फार थोड्यांना ठाऊक झालं. मी तीस वर्षं सोनोग्राफी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं पोटाबरोबर डोकीही पाहिली. केरळात आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते, तिथे ती विद्या पाहिली आणि परत येऊन आधी स्वतःच्या नवऱ्याच्या, मग भावाच्या, मग माझ्या मदतनीस मंदाताईंच्या कानशिलावर प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, ठेवून हात बसवला. मंदाताई म्हणायच्या, "माझ्या डोक्यात काही सापडलं तर पगार वाढवा."

वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगते. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींचं चित्र बनवायचं. हाडातून त्या नीट जात नाहीत, म्हणून कवटीच्या आतलं एरवी दिसत नाही. पण कानाच्या जरासं पुढे, कानशिलावर, हाड पातळ असतं. त्या जागेला आम्ही खिडकी म्हणतो. तिथे जेल लावून हृदयाच्या इकोला वापरतात तसला प्रोब धरायचा, खोलीत अंधार करायचा आणि बोटाच्या पेराएवढं इकडेतिकडे सरकत शोधत राहायचं. खिडकी चांगली असेल तर मेंदूच्या मधोमध फुलपाखराच्या आकाराचा एक करडा भाग दिसतो. तो मध्यमेंदू. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, बहुतेक रोग्यांत त्या फुलपाखराच्या आत एक पांढरा पट्टा उजळलेला असतो. त्या भागाला शास्त्रात 'काळा पदार्थ' म्हणतात आणि आमच्या पडद्यावर तो पांढरा दिसतो.

एवढ्यावरून रोग ठरत नाही. काही धडधाकट माणसांतही तो पट्टा दिसतो, आणि काही रोग्यांत दिसत नाही. निदान करायचं ते रोग्याला चालवून, हात हलवायला लावून, त्याचं ऐकून. पण जिथे डॉक्टरचं मन दोन्हीकडे झुकतं, तिथे या चित्राची मदत होते. हाताचा साधा, वंशातून आलेला कंप असेल तर पट्टा बहुतेक वेळा उजळत नाही. एखाद्या औषधामुळे अंग आखडलं असेल, तरीही सहसा नाही. आपल्याकडे साध्या एमआरआयमध्ये हा फरक कळत नाही आणि त्यासाठीचे खास स्कॅन मोठ्या शहरांत. माझ्याकडे वीस मिनिटांत काम व्हायचं.

म्हाताऱ्या बायकांत मात्र खिडकी पुष्कळदा बंद. हाड इतकं जाड की पडद्यावर नुसता धूर. अशा एका आजींना मी सांगितलं की तुमच्या डोक्यातलं काही दिसत नाही, तर कोपऱ्यात बसलेले त्यांचे मालक म्हणाले, "चाळीस वरीस म्या तेच सांगतोय." आजी जेल पुसत म्हणाल्या, "यांचं बगा. यांचं समदं दिसंल. रिकामंच हाय." अशा रिपोर्टात आम्ही एक ठरलेलं वाक्य लिहितो. खिडकी अपुरी, निष्कर्ष काढता येत नाही. ते प्रामाणिक वाक्य आहे. निदान मी लिहायला शिकले तेव्हा तरी होतं.

आमच्या धंद्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. सोनोग्राफी मशीनवर सरकारची जितकी नजर असते तितकी बंदुकीवरही नसेल. मशीन कुठल्या खोलीत ठेवायचं ते नोंदवलेलं असतं. ते उचलून अंथरुणावरच्या रोग्यापाशी नेलं तर गुन्हा. मी फक्त डोकी बघते म्हटलं तरी तपासणी समिती येऊन कपाटं उघडायची. राग यायचा, पण त्यांना बोल कसा लावू? आमच्याच जिल्ह्यात, आमच्याच धंद्यातल्यांनी पैसे घेऊन पोटात मुलगी आहे हे सांगून टाकलं होतं. एकदा पारनेरकडचा एक गृहस्थ बायकोला घेऊन आला. तिचं डोकं दुखतंय म्हणे. बायको टेबलावर झोपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "डोकं तर बघाच, पन जरा खाली बी बघून घ्या. दोन पोरी हायेत मला." मी त्याला बाहेर काढलं. त्यानं पुढाऱ्याला फोन लावून दिला, तो मी घेतला नाही. तीस वर्षांत एकाही पोटाबद्दल मी तोंड उघडलं नाही, याचा मला फार अभिमान होता. मला वाटायचं, आपण न भिणाऱ्या आहोत.

डोक्याच्या सोनोग्राफीनं मला थोडी वाहवाही मिळाली. ती अंजनामुळे. अंजना एकोणीस वर्षांची, अकोले तालुक्याच्या डोंगरातली. हात पंखासारखे आपटायचे, लाळ गळायची, बोलणं कळायचं नाही. देवऋषी करून झाले होते. पडद्यावर तिच्या मेंदूचा खोलवरचा एक भाग दोन्ही बाजूंना लख्ख उजळलेला दिसला. मी तिच्या वडलांना म्हटलं, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. बुबुळाच्या कडेला हिरवट तपकिरी कडं सापडलं. शरीरात तांबं साठण्याचा आजार होता. औषध लागू पडलं. आठ-नऊ महिन्यांनी ती स्वतः चालत माझ्या जिन्याशी आली, वडलांच्या खांद्यावर काळभात तांदळाची गोणी. पुढे दोन-तीन डॉक्टरांच्या सभांमध्ये मी ही केस चित्रांसह सांगितली. टाळ्या पडल्या.

सभांमध्ये मी इथेच थांबायचे. उरलेलं असं की वडलांनी तिचं लग्न ठरवलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात हे सासरी सांगा, असं मी त्यांना बजावलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. ती चोरून घेत होती तोवर घेतल्या, मग डबा सासूला सापडला आणि बंद झाल्या. वडील एकदा एकटेच आले. मी विचारलं, "कशी आहे?" ते म्हणाले, "न्हाई राहिली." आणि जुने कागद परत मागितले. धाकटीच्या सोयरिकीत कुणी विचारू नये म्हणून जाळायचे होते. हा आजार भावंडांतही असू शकतो, धाकटीचीही तपासणी करायला हवी, एवढं मी बोलले. त्यांनी मान हलवली आणि गेले. धाकटीला आणलं नाही.

आता कलाबाईंचं सांगते. हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आणि मघापासून इकडचं तिकडचं सांगते आहे.

कलाबाई प्रवरेकाठच्या एका गावातल्या. वय अठ्ठावन्न. घरी चार संकरित गाई, दूध संस्थेत घालायचं. धार काढणं, शेण, वैरण सगळं त्यांच्या हातचं. मुलगा शिर्डीत एका हॉटेलात कामाला, आठवड्यानं घरी. सून सुनीता संगमनेरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लग्नानंतर सासूनंच तिला पुढे शिकवायचं ठरवलं होतं, भावकीचे टोमणे खाऊन.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा सुनीतानं शिक्षण सोडून वर्ष झालं होतं. कलाबाईंच्या दोन्ही हातांना कंप होता, ओठ थरथरत होते, पाऊल उचलत नव्हतं. चेहरा मेणाचा. बोलल्या तरी गालाची रेघ हलत नव्हती. कंपवाताची गोळी दोन वर्षं चालू होती आणि काही उतार नव्हता. आमच्या भागातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचा दवाखाना मोठा, हात सढळ, आणि माझ्याकडे येणारे निम्मे रोगी त्यांच्या चिठ्ठीवर यायचे.

सुनीताकडे एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी. शिवाय एका वहीच्या पानावर तिनं स्वतः आखलेला तक्ता. कोणतं औषध कधी सुरू झालं, त्यानंतर काय झालं.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "आईंना पित्ताचा त्रास म्हणून ही कॅप्सूल लावली. सात महिन्यांनी हात कापायला लागले. दोन्ही हात एकदमच. आमच्या पुस्तकात तर कंपवात एका बाजूनं सुरू होतो, असं होतं."

मी चिठ्ठी पाहिली. त्या पित्ताच्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात. एक आम्ल कमी करणारं. दुसरं मळमळ थांबवून पोटातलं अन्न पुढे ढकलणारं, आणि ते काही माणसांत महिनोन्महिने घेतलं तर हुबेहूब कंपवात उभा करतं. चकरेच्या काही गोळ्याही तसंच करतात. या कॅप्सूल मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात आणि लोक चहाआधी घेतात. कलाबाई अडीच वर्षांहून जास्त रोज घेत होत्या. मोठ्या डॉक्टरांनीच लावल्या होत्या.

मी त्यांना झोपवलं. प्रोब ठेवला. त्या वयाच्या बाईत इतकी चांगली खिडकी मी क्वचितच पाहिली होती. फुलपाखरू स्वच्छ, दोन्ही पंख करडे, पांढरा पट्टा नाही. दुसऱ्या कानशिलावरूनही तेच. सुनीताला पडद्याजवळ बोलावून मी दाखवलं. "बघ, खिडकी किती छान आहे. इथे उजळ दिसायला हवं होतं. नाहीये."

"मग कंपवात नाही?"

"तसं मी एकटी म्हणू शकत नाही. पण तुझा तक्ता डॉक्टरांना दाखव."

रिपोर्टात मी लिहिलं: दोन्ही बाजूंची खिडकी उत्तम. मध्यमेंदू सर्वसाधारण. औषधजन्य कंपाची शक्यता तपासावी, रोगी घेत असलेल्या पित्ताच्या कॅप्सूलचा विचार व्हावा. सही केली. कलाबाई उठताना म्हणाल्या, "बाई, गाईची धार येईल का मला पुन्ना?" मी म्हटलं, "येईल बहुतेक, मावशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तसा तो कधीच चढायचा नाही.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट बघितला. उपचार कोण करतंय, तुम्ही का मी?"

"तुम्हीच, सर. मी फक्त शक्यता लिहिली."

"शक्यता रिपोर्टात लिहिली की पेशंट ती निकाल म्हणून वाचतो. ती पोरगी माझ्यासमोर तक्ता घेऊन उभी राहिली. नर्सिंग अर्धवट सोडलेली. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून कंपवात नाही, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग? उद्या ही कॅप्सूल घेणारा प्रत्येक माणूस माझ्या दारात उभा राहील. तुम्ही एवढ्या वर्षांच्या अनुभवी. मी तिला पाठवतो तुमच्याकडे. रिपोर्ट दुरुस्त करून द्या."

पुढचं ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. मशीनचे हप्ते, दोन बायकांचे पगार, मुलीचं शिक्षण, सगळं त्या न बोललेल्या वाक्यात होतं. आणि त्यांनी मला एक आडोसाही दिला होता: सोनोग्राफी शेवटचा शब्द नसते. खरंच नसते. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटं करणं फार सोपं जातं, हे मला त्या दुपारी कळलं.

एक ओळ गाळली असती तरी चाललं असतं. "औषधजन्य" एवढं काढलं असतं तरी मध्यमेंदू सर्वसाधारण हे खरं उरलं असतं आणि पुढच्या एखाद्या डॉक्टरला उपयोगी पडलं असतं. पण अर्धं काढलं तर उरलेल्यावर पुन्हा फोन येईल, अशी मला भीती वाटली. म्हणून मी सगळंच काढलं. नवीन कागदावर लिहिलं: खिडकी अपुरी. निष्कर्ष काढता येत नाही. माझा दोष मी कलाबाईंच्या हाडावर ढकलला.

सुनीता संध्याकाळी आली. मी जुना कागद मागून घेतला, नवा दिला. तिनं उभ्याउभ्याच वाचला. इंग्रजी तिला कळत होतं.

"मॅडम, तुम्ही तर म्हणाला होतात खिडकी छान आहे. मला दाखवली."

"नंतर चित्रं पुन्हा नीट बघितली. तितकी स्पष्ट नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मंदाताईंना पुढचा पेशंट पाठवायला सांगितलं. सुनीतानं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "मग कॅप्सूल चालू ठेवायची?"

"डॉक्टर सांगतील तसं."

त्यानंतर चौदा महिने मी त्या दोघींना पाहिलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी माझे पेशंट बंद केले नाहीत. दिवाळीत त्यांच्याकडून काजूकतलीचा खोका आला आणि मी तो घरी नेला.

त्या चौदा महिन्यांत काय झालं, ते मला पुढे सुनीताकडूनच कळलं. कंपवाताच्या गोळ्या वाढवल्या, त्यानं कलाबाईंना मळमळ व्हायला लागली, म्हणून पित्ताच्या कॅप्सूल एकाच्या दोन झाल्या. अंग आणखी आखडलं. सुनीता त्यांना कुशीवर वळवायची, भरवायची, न्हाणीत धरून न्यायची. चार गाई तिच्या एकटीच्यानं होईनात, म्हणून एकेक करून विकल्या. शेवटची गाय विकायची त्या सकाळी कलाबाई कुणाला न सांगता गोठ्यात गेल्या. गाईच्या पाठीवर हात ठेवायला. पाय अडखळला, पडल्या, खुबा मोडला.

ऑपरेशन नाशिकला झालं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीनं भरती करताना औषधांची यादी विचारली, सुनीतानं तक्ता काढून दिला. तिनं तो वाचला, पित्ताची कॅप्सूल बंद करून साधी गोळी लिहिली. बाकी काही नाही. तीन महिन्यांत कलाबाईंचे ओठ थांबले. मग हात मोकळे झाले. नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्याही हळूहळू उतरवल्या. सहा महिन्यांनी हसल्यावर त्यांच्या गालाला पुन्हा रेघ पडायला लागली. खुबा मात्र जुळला तो आखडून. उकिडवं बसता येत नाही. धार काढायला बसता येत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांनी उगीच वाट पाहू नये. सुनीतानं तक्रार केली. ती अजून चालू आहे, तिच्यात मोठ्या डॉक्टरांबरोबर माझंही नाव आहे. मोठे डॉक्टर आजही रोज साठ-सत्तर रोगी तपासतात. माझ्याकडे रोगी येणं थांबलं आणि गेल्या वर्षी मी सेंटर बंद केलं. मशीन समितीच्या समक्ष सील होऊन नगरच्या एका नोंदणीकृत माणसानं घेतलं. त्यावर आता डोकी कुणी बघत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधून परवाच एक बाई त्या कॅप्सूलची दहाची पट्टी मागून घेऊन गेली. मी तिला थांबवून सांगितलं, तर म्हणाली, "डॉक्टरांनीच दिलीये, काकू."

आता त्या दोघी चौदा महिन्यांनी परत आल्या त्या दिवसाचं. सेंटर बंद होण्याआधी एकदा कलाबाई आल्या, वॉकर धरून, सुनीता शेजारी. मला वाटलं, भांडायला आल्या. मी खुर्चीतून उठले. पण कलाबाईंना काही माहीत नव्हतं. सुनीतानं त्यांना सांगितलंच नव्हतं.

"बाई, नाशिकवाले म्हनले, बरी झाली," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या मशीनमदी बगितल्याबिगर माजा जीव बसंना. सुनीता नगं म्हनत हुती. म्याच वडून आनली. परत येकदा डोक्यात बगा."

मी खोलीत अंधार केला, त्यांना टेबलावर घेतलं. प्रोब ठेवला. खिडकी तीच, तितकीच चांगली. फुलपाखरू तेच. पूर्वी जे दिसलं होतं तेच तसंच दिसत होतं. पडद्यावरून नजर काढली तर टेबलाच्या पायथ्याशी सुनीता उभी होती आणि ती पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती.

"ग्येलं का दुखनं, बाई?" कलाबाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर त्या आशीर्वाद देऊन गेल्या असत्या. सुनीताही कदाचित त्यांच्यासमोर बोलली नसती. मी खोलीत दिवा लावला.

"मावशी, ते तुमच्या डोक्यात कधी नव्हतंच. पहिल्यांदा आलात तेव्हाही नव्हतं. त्या पित्ताच्या कॅप्सूलनं झालं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."

"तवाच?"

"हो. कागदावर लिहिलंही होतं. मग कागद बदलला."

"का?"

एवढ्या महिन्यांत मी या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. शास्त्राची, शिष्टाचाराची.

"भ्याले," मी म्हटलं. "मोठे डॉक्टर पेशंट पाठवायचे बंद होतील म्हणून."

कलाबाई उठून बसल्या. मंदाताईंनी पुढे केलेला टिश्यू त्यांनी घेतला नाही, कानशिलावरचं जेल पदरानं पुसलं. मग सुनीताकडे वळून विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"संशय होता, आई."

"तुजी शाळा सुटली," त्या तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. आवाज साधाच होता, शेजारणीशी बोलावं तसा. "म्या समजले, देवानं दिलंय. देवाचं म्हनून गप भोगलं, बाई. कुनाला बोल न्हाई लावला. मानसाचं हाय म्हनून ठावं असतं, तर येवडी गप बसले नसते."

त्यांनी वॉकर ओढून घेतला आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. सुनीता मागे थांबली.

"हे लिहून द्या, मॅडम."

मी माझ्या नावाचा कागद घेतला. मंदाताई दार ओढून बाहेर गेल्या. पहिल्या तपासणीत खिडकी उत्तम होती, मध्यमेंदू सर्वसाधारण होता, कॅप्सूलची शक्यता नोंदवली होती, आणि दुसऱ्या रिपोर्टात नजरचुकीने वेगळा निष्कर्ष लिहिला गेला, असं सगळं लिहून तारीख घालून तिच्या हातात दिलं. हात हलका झाला, असंच वाटलं मला.

सुनीतानं ते शेवटपर्यंत वाचलं. मग कागद टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवलं.

"नजरचुकीने नाही, मॅडम. ते काढा."

मी तो शब्द खोडला, वर "जाणूनबुजून" लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली.